गुल्मवनाचे कायदेशीर संरक्षण : भोपाळचा परिसर आणि झुडपी जंगलाचा प्रश्न

ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा पीक येते, त्याला शेतकरी खोडवा म्हणतात. रानातल्या पुष्कळ झाडांचा स्वभावही असाच आहे. साग, धावडा, ऐन, तेंदू अशी झाडे जमिनीलगत तोडली तर बुडख्याच्या कडेने चार-सहा धुमारे फुटतात. मुळे जुनी आणि खोल गेलेली असल्याने हे धुमारे बियांपासून उगवलेल्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. अशा धुमाऱ्यांवर उभ्या राहिलेल्या आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा तोडल्या जाणाऱ्या वनाला वनशास्त्रात गुल्मवन म्हणतात. वनखात्यातील रोजच्या बोलण्यात मात्र इंग्रजीतला ‘कॉपिस’ हाच शब्द चालतो.

वृक्षसंरक्षणाचे बहुतेक कायदे उभ्या झाडाचा विचार करून केलेले असतात. झाड उभे आहे, कोणी ते तोडू पाहतो, कायदा त्याचा हात धरतो, अशी त्यामागची कल्पना असते. गुल्मवनाच्या बाबतीत ही कल्पना दोन्ही बाजूंनी तोकडी पडते. नियमित तोडणी हाच या वनाचा जीवनक्रम असल्याने तोडणीवरची सरसकट बंदी त्याला मानवत नाही. आणि एकदा तोडणी झाली की मागे राहिलेला बुडखा कायद्याच्या दृष्टीने झाड उरत नाही. त्यावर नांगर फिरवला किंवा पाया खणला तर कोणी विचारीत नाही. वस्तुतः त्या वनाचे सगळे आयुष्य त्या बुडख्यातच असते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार इंग्लंडमधील ‘ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर’, म्हणजे वृक्ष जतन आदेश, भारतातील वनकायदे, आणि विशेषतः भोपाळच्या परिसरातील ‘छोटे झाड का जंगल’ व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ या महसुली नोंदी यांच्या आधारे केला आहे.

बुडखा आणि त्याचे आवर्तन

गुल्मवन म्हणजे निष्काळजीपणे तोडलेले रान नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवे. त्याची एक शिस्त आहे. झाड जमिनीपासून फार उंच तोडत नाहीत. भारतीय वनखात्यांच्या प्रथेनुसार बुडखा सुमारे १५ सेंटिमीटरपेक्षा उंच ठेवू नये, कारण उंच बुडख्यावर फुटलेला धुमारा वाऱ्याने मोडतो. तोड गुळगुळीत आणि किंचित उतरती असावी, म्हणजे तिच्यावर पाणी साचून लाकूड कुजत नाही. साल फाटता कामा नये, कारण धुमारे सालीलगतच्या सुप्त डोळ्यांतूनच फुटतात. तोडणी नवी पालवी येण्यापूर्वी उरकावी लागते. त्यानंतर काही वर्षे त्या भागात गुरे-शेळ्या जाऊ द्यायच्या नाहीत, हे सर्वांत महत्त्वाचे. बकरीने कोवळा धुमारा दोन-तीन वर्षे लागोपाठ खाल्ला तर बुडख्यातला साठा संपतो. पुढे प्रत्येक बुडख्यावर एक-दोन जोमदार धुमारे ठेवून बाकीचे काढून टाकतात.

मध्य प्रांत व वऱ्हाडातील वनखात्याने ही पद्धत पद्धतशीरपणे वापरली. वनाचे समान भाग पाडायचे, दरवर्षी एक भाग तोडायचा आणि साधारणपणे ३० ते ४० वर्षांनी पुन्हा पहिल्या भागाकडे यायचे, अशी तिची मांडणी होती. तोडणीच्या भागातही काही मोठी, चांगली झाडे बियांसाठी व इमारती लाकडासाठी राखून ठेवीत. प्रत्येक आवर्तनात काही बुडखे मरतात आणि त्यांची जागा भरायला बी लागते, म्हणून ही राखीव झाडे आवश्यक असतात. या वनांतून गावांना सरपण, कुडाची लाकडे, बल्ल्या आणि शेतीच्या अवजारांचे लाकूड मिळत असे. मध्य प्रदेशात ‘निस्तार’ म्हणून ओळखला जाणारा ग्रामस्थांचा हक्क मुख्यतः अशाच छोट्या लाकडाचा होता.

तेंदूचे उदाहरण या मासिकाच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. विडीसाठी लागणारे मोठे, मऊ पान जुन्या उंच तेंदूवर मिळत नाही. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तेंदूची झुडपे जमिनीलगत छाटतात. याला मध्य प्रदेशात शाखकर्तन म्हणतात. सुमारे दीड महिन्याने नव्या फुटव्यांवर जे पान येते ते एप्रिल-मे महिन्यांत तोडले जाते. मध्य प्रदेशाने १९६४ च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आणला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या आणि भोपाळमध्ये मुख्यालय असलेल्या राज्य लघु वनोपज संघाकडे आता या व्यवहाराची सूत्रे आहेत. विड्या वळणाऱ्या कुटुंबांत मुस्लिम स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यांच्या हातात येणारे प्रत्येक पान छाटलेल्या झुडपाचे असते. छाटणी बंद केली तर झुडूप वाचेल, पान मात्र हरवेल.

इंग्लंडमधील आदेश

इंग्लंडमध्ये हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, म्हणून तो पाहणे उपयोगाचे आहे. तेथील नगररचना कायद्यानुसार स्थानिक नियोजन प्राधिकरण एखादे झाड, झाडांचा समूह, एखादे क्षेत्र किंवा संपूर्ण वन यांच्यासाठी वृक्ष जतन आदेश काढू शकते. सध्या या आदेशांचा आधार १९९० चा नगर व ग्राम नियोजन कायदा आणि २०१२ चे नियम हा आहे. आदेश निघताच तो तात्पुरता लागू होतो आणि सहा महिन्यांत कायम करावा लागतो. त्यानंतर प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणे, छाटणे, उपटणे किंवा जाणूनबुजून इजा करणे हा गुन्हा ठरतो.

पण ‘झाड’ कशाला म्हणायचे? कायद्यात त्याची व्याख्या नाही. १९७६ मध्ये केंट परगण्याच्या एका खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी असे मत मांडले की वनातले झाड म्हणजे सात-आठ इंच व्यासाहून मोठे काहीतरी असले पाहिजे. हे मत मान्य झाले असते तर गुल्मवनाला आदेशाचे संरक्षण जवळजवळ अशक्य झाले असते, कारण तेथील बहुतेक खोडे मनगटाएवढी असतात. १९८० मध्ये बुलक खटल्यात न्यायमूर्ती फिलिप्स यांनी हा निकष स्वीकारला नाही. सामान्य माणूस ज्याला झाड म्हणेल ते झाड, आणि गुल्मवनही आदेशाखाली येऊ शकते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. २००९ च्या पाम डेव्हलपमेंट्स खटल्यात तर वनासाठीच्या आदेशात लहान रोपेही संरक्षित असतात, आकाराची खालची मर्यादा नाही, असे ठरले.

यामुळे अडचण पूर्णपणे सुटली असे नाही. तेथील वनतोडीच्या परवान्यांसंबंधीचा १९६७ चा कायदा गुल्माला सवलत देतो. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर १५ सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या गुल्माच्या तोडणीला परवाना लागत नाही. मात्र त्याच वनावर जतन आदेश असेल तर परवानगी लागते. म्हणून आदेश वनाच्या चांगल्या व्यवस्थापनाच्या आड येऊ नये, अनेक वर्षांच्या तोडणीची योजना एकदाच मंजूर करावी, असा तेथील प्रशासनाचा मार्ग आहे. सफोक परगण्यातील ब्रॅडफील्ड वनात तेराव्या शतकापासून अशी तोडणी चालत आली आहे. ग्लॉस्टरशरमधील वेस्टनबर्ट येथे लिंडेनच्या जातीचा एक बुडखा आहे. वर्तुळात उभी असलेली त्याची अनेक खोडे एकाच झाडाची आहेत आणि त्याचे वय सुमारे २००० वर्षे असावे असा अंदाज आहे. न तोडलेला लिंडेन इतका जगत नाही.

जुन्या परंपरेतील दोन दाखले

बंदी आणि गरज यांची सांगड घालण्याचा विचार आधुनिक कायद्यानेच प्रथम केला असे मानण्याचे कारण नाही. मक्केच्या हरमच्या हद्दीत आपोआप उगवलेली झाडे व गवत तोडण्यास मनाई आहे. मक्का विजयाच्या प्रसंगी ही मनाई सांगितली गेली तेव्हा हजरत अब्बास (रजि.) यांनी इज़खिर या गवताला सूट मागितली, कारण लोहारांना, घरांना आणि कबरींना ते लागत असे. पैगंबर मुहंमद (स.) यांनी ती सूट दिली. फिकहच्या ग्रंथांत या प्रसंगावर पुष्कळ चर्चा आहे. हनफी फुकहांनी वाळलेले झाड मनाईतून वगळले आणि आपोआप उगवलेले व माणसाने लावलेले यांत फरक केला. म्हणजे प्रत्यक्ष हरममध्येही मनाई सरसकट नव्हती. कोणती वनस्पती, कशी उगवलेली, कशासाठी लागते, हे पाहून ती ठरवली गेली. मदिनेजवळील नकीअ येथे राखलेली ‘हिमा’, म्हणजे राखीव कुरण, हीदेखील सार्वजनिक गरजेसाठी होती.

मराठीतला दाखला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला. अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विचार आला आहे. सागासारखे लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन न्यावे. येथेही झाडांचे दोन वर्ग आहेत. तोडल्यावर पुन्हा फुटणारा साग एकीकडे आणि तोडला की गेलेला आंबा दुसरीकडे. अमात्यांनी हा फरक फुटव्यांच्या कारणाने केला नाही हे खरे, पण सगळ्या झाडांना एकच नियम लावला नाही, एवढे निश्चित.

भारतीय कायद्यातले ‘झाड’

१९२७ चा भारतीय वन कायदा वसाहतकालीन आहे आणि वनात राहणाऱ्यांवर त्याने केलेला अन्याय सर्वश्रुत आहे. तरीही एका बाबतीत तो नंतरच्या अनेक कायद्यांपेक्षा जाणकार आहे. त्याच्या कलम २ मधील ‘झाड’ या संज्ञेत बुडखे आणि झुडूपही समाविष्ट आहेत. व्याख्या लिहिणाऱ्याला वन कसे वाढते याची माहिती असावी. त्याच कायद्याचे कलम ३० तर गुल्मवनासाठीच लिहिल्यासारखे वाटते. संरक्षित वनातील काही झाडे किंवा झाडांचे वर्ग राखीव म्हणून जाहीर करण्याचा अधिकार त्यात राज्य शासनाला आहे. तसेच वनाचा एखादा भाग ३० वर्षांपर्यंत बंद ठेवता येतो, मात्र उरलेला भाग लोकांच्या हक्कांसाठी पुरेसा आणि सोयीचा असला पाहिजे. राखीव झाडे, आळीपाळीने बंद होणारे भाग, बाकीच्यात हक्क चालू, हा गुल्म पद्धतीचाच आराखडा आहे. इंग्लंडच्या जतन आदेशाला भारतात जवळचे काही असेल तर ते हे कलम होय. पण ते केवळ संरक्षित वन म्हणून अधिसूचित जमिनीला लागू पडते.

शहरांसाठी केलेले वृक्ष कायदे मात्र खोड मोजतात. दिल्लीच्या १९९४ च्या कायद्यानुसार झाड म्हणजे जिच्या फांद्या खोडातून निघून खोडावर आधारलेल्या आहेत, जिचे खोड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर किमान ५ सेंटिमीटर व्यासाचे आहे आणि जिची उंची किमान १ मीटर आहे, अशी काष्ठमय वनस्पती. हा निकष १५ सेंटिमीटरच्या ताज्या बुडख्याला लावून पाहावा. तो झाड ठरत नाही. त्यावरचे पहिल्या वर्षाचे धुमारे उंचीत बसले तरी जाडीत बसत नाहीत. म्हणजे परवानगीने एकदा तोड झाली की त्यानंतर काही काळ, आणि नेमक्या सर्वांत नाजूक काळात, त्या जिवंत झाडाला कायद्याचे छत्र राहत नाही.

शब्दांच्या अशा आखणीचे परिणाम कुठवर जाऊ शकतात हे गोव्यात दिसले. तेथील १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातून २०१६ मध्ये माडाला वगळण्यात आले. फांद्या नसल्यामुळे माड व्याख्येत बसत नाही, असा युक्तिवाद होता. लोकांचा विरोध इतका झाला की २०१७ मध्ये माडाला राज्यवृक्षाचा मान देऊन पुन्हा संरक्षण दिले गेले. उलट दिशेचे उदाहरण बांबूचे. २०१७ मध्ये १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढण्यात आला, जेणेकरून शेतात लावलेला बांबू तोडणे व नेणे सोपे व्हावे. त्याआधी २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला होता. बांबू हे नियमित तोडणीवर जगणाऱ्या वनस्पतीचे ठळक उदाहरण असल्याने या बदलामागचा तर्क समजण्याजोगा आहे.

मध्य प्रदेशात २००१ या एकाच वर्षी दोन कायदे झाले आणि त्यांची तोंडे दोन दिशांना आहेत. नगरीय क्षेत्रातील वृक्षांच्या परिरक्षणाचा कायदा शहरात झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी मागतो. लोकवानिकी कायदा मात्र खाजगी मालकीच्या वृक्षाच्छादित जमिनीसाठी व्यवस्थापन योजना तयार करून, ती मंजूर करून घेऊन, त्या योजनेप्रमाणे तोडणी करण्याची वाट देतो. पहिल्याचे एकक झाड आहे, दुसऱ्याचे एकक जमीन आणि काळ. गुल्मवनाला मानवणारा दृष्टिकोन उघडच दुसरा आहे. परंतु भोपाळसारख्या वाढत्या शहराच्या कडेची गावे हळूहळू शहराच्या हद्दीत येतात आणि तसे झाले की विचार पुन्हा एकेका खोडाचा होतो.

‘छोटे झाड’ आणि ‘झुडपी’

या विषयाचा खरा पेच वनकायद्यात नाही, महसुली दप्तरात आहे. मध्य प्रदेशातील जमिनीच्या जुन्या नोंदींत ‘बड़े झाड़ का जंगल’ आणि ‘छोटे झाड़ का जंगल’ असे दोन वर्ग आढळतात. पूर्व विदर्भातील नोंदींत दुसऱ्या वर्गाला ‘झुडपी जंगल’ म्हटले आहे. दोन्हींचा उगम जुन्या मध्य प्रांताच्या महसूल व्यवस्थेत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. दप्तर मात्र एकाच घरातले होते.

येथे भाषेची एक गंमत आहे आणि ती निव्वळ गंमत नाही. मराठीत ‘झाड’ म्हणजे वृक्ष. प्रमाण हिंदीत आणि उर्दूत ‘झाड़’चा रोख बहुधा झुडपाकडे असतो, वृक्षासाठी ‘पेड़’ किंवा ‘दरख़्त’ म्हणतात. मध्य प्रदेशाच्या बोलीत पुन्हा ‘झाड़’ मराठीप्रमाणे वृक्षासाठीही वापरतात. मग ‘छोटे झाड़ का जंगल’ म्हणजे लहान वृक्षांचे वन, की झुडपांची पडीक जमीन? पहिला अर्थ घेतला तर ते वन आहे. दुसरा घेतला तर ती कॉलनीसाठी, रस्त्यासाठी, कारखान्यासाठी मोकळी जागा आहे. अशा एका शब्दाच्या अर्थावर हजारो हेक्टरांचे भवितव्य अवलंबून राहिले.

आणि ही झाडे छोटी का होती? काही ठिकाणी जमीन उथळ आणि खडकाळ आहे, तेथे मोठी झाडे होतच नाहीत. पण पुष्कळ ठिकाणी ती छोटी दिसतात कारण गावकरी पिढ्यान्पिढ्या सरपणासाठी ती तोडत आले आणि गुरे धुमारे खात आली. खाली मुळे जिवंत आहेत. साग-धावडा-पळसाचे बुडखे जमिनीत आहेत. काही वर्षे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली तर तेथे एकही रोप न लावता रान उभे राहते, हा वनखात्याचा आणि अनेक गावांचा अनुभव आहे. पाहणाऱ्याला मात्र ती उजाड जमीन दिसते. सरकारी कागदावर ‘निकृष्ट’ असा शिक्का बसतो, आणि निकृष्ट वन देऊन टाकायला फारसे कोणाचे मन कचरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशाने या स्थितीत मूलभूत बदल केला. मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे ते, आणि सरकारी नोंदीत वन म्हणून दाखवलेले क्षेत्र, ही दोन्ही १९८० च्या वन संरक्षण कायद्याखाली येतील, असे त्यात ठरले. देशभरातील वनतोड थांबवण्यात आली, अपवाद फक्त केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेनुसार होणाऱ्या तोडणीचा. हा अपवाद महत्त्वाचा आहे, कारण तो योजना पाहतो, एकेक झाड पाहत नाही. गुल्मवनाची नियमबद्ध तोडणी या चौकटीत बसू शकते, सरपणाच्या नावाखाली होणारी मनमानी तोड बसत नाही.

झुडपी जंगलाचा वाद त्यानंतरही जवळजवळ तीन दशके चालला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी ८६,४०९ हेक्टर जमीन वादात होती. त्यांपैकी काहींवर घरे, शाळा, रस्ते, दफनभूमी, सरकारी कचेऱ्या उभ्या राहिलेल्या होत्या. लोकांची अडचण खरी होती. वर्षानुवर्षे राहत्या घराचा पट्टा मिळत नाही, गावाच्या शाळेला परवानगी मिळत नाही, हे सहन करणाऱ्या कुटुंबाला झुडपी शब्दाबद्दल ममत्व वाटण्याचे कारण नव्हते. २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने निर्णय दिला की झुडपी जंगल हे वनच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेली वाटपे एकवेळची बाब म्हणून केंद्राच्या मंजुरीने नियमित करता येतील. त्यानंतर झालेल्या वाटपांची कारणे तपासली जातील. कोणत्याही वनक्षेत्राला लागून नसलेले, ३ हेक्टरपेक्षा लहान तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करावेत, असेही निर्णयात आहे.

शेवटच्या तरतुदीकडे चर्चेत फारसे लक्ष गेलेले नाही. लहान तुकडे सोडून द्यावेत, त्यांचा काय उपयोग, असा सर्वसाधारण सूर होता. न्यायालयाने उलटा मार्ग धरला. आणि ते तुकडे संरक्षित वन झाले की १९२७ च्या कायद्याचे कलम ३० त्यांना लागू होते. झाडाच्या व्याख्येत बुडखे असलेला कायदा आणि बुडख्यांचे रान प्रथमच एकत्र येतात.

भोपाळच्या कडेचे रान

भोपाळ संस्थान १ जून १९४९ रोजी केंद्राच्या ताब्यात आले. नवाबांच्या काळात चिकलोदच्या बाजूची जंगले शिकारीसाठी राखली जात. त्या बाजूच्या रातापानी अभयारण्याला डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि भीमबेटकाचा शोध लावणारे डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांचे नाव देण्यात आले. तेथील वनाला आता कडक संरक्षण आहे. प्रश्न आहे तो शहर आणि हे वन यांच्या मधल्या पट्ट्याचा. केरवा, कलियासोत, चंदनपुरा, मेंडोरा या बाजूला महसुली, खाजगी आणि वनजमिनी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्यांतून वाघ ये-जा करतात आणि त्यांवर बांधकामाचा दाब आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मध्य क्षेत्राचे पीठ २०१३ पासून भोपाळमध्येच आहे आणि या पट्ट्यातील तंटे तेथे वारंवार गेले आहेत.

शहराच्या आत भोपाळकरांनी झाडांसाठी दोनदा आवाज उठवला. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची जागा शिवाजी नगर-तुलसी नगर भागात ठरली होती, ती विरोधामुळे टी. टी. नगरकडे हलवण्यात आली. २०२४ च्या जूनमध्ये त्याच भागात मंत्री-आमदारांच्या निवासस्थानांचा प्रस्ताव आला, त्यात सुमारे २९,००० झाडे जाणार होती. नागरिक रस्त्यावर आले, स्त्रियांनी झाडांना मिठ्या मारल्या, राखीचे धागे बांधले. काही दिवसांत शासनाने प्रस्ताव मागे घेतला. या यशाबद्दल आनंदच आहे. पण धागा बांधायला खोड लागते. गुडघ्याएवढ्या तेंदूला किंवा पळसाच्या बुडख्याला कोणी मिठी मारीत नाही. जे डोळ्यांत भरत नाही त्याच्या बाजूने जनमत उभे राहणे कठीण असल्याने तेथे कायद्याच्या शब्दांवरच अधिक विसंबावे लागते.

मग शब्द कसे असावेत? इंग्लंडचा अनुभव आणि १९२७ चे कलम ३० यांवरून काही गोष्टी सुचतात. आदेश जमिनीच्या हद्दीवर असावा, खोडांच्या यादीवर नसावा. व्याख्येत जिवंत बुडखा, मूळ आणि धुमारे यांचा स्पष्ट उल्लेख हवा, आणि बुडखा उपटणे, जाळणे किंवा त्यावर माती-मुरूम टाकणे याला झाड तोडण्याइतकाच गुन्हा मानावे. तोडणीची परवानगी आवर्तनाच्या योजनेवर एकदाच मिळावी, तिच्यात बंद राहणारा भाग आणि राखीव झाडे दाखवलेली असावीत. सरपण आणि पाला नेणाऱ्या कुटुंबांचा हिस्सा योजनेत लिहिलेला असावा. तो लिहिला नाही तर बंदी रात्री मोडली जाते आणि शिक्षा डोक्यावर मोळी असलेल्या बाईला होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिलेला आहे, त्यामुळे अशी योजना करणारी संस्था नव्याने शोधावी लागत नाही.

शहराच्या कडेला जमीन असलेल्या संस्थांना, मग त्या शाळा-महाविद्यालये असोत, कब्रस्तानांच्या व्यवस्थापन समित्या असोत किंवा वक्फच्या जमिनी सांभाळणारे मुतवल्ली असोत, कायदा बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या खसऱ्यात किंवा सातबाऱ्यावर जमिनीचा वर्ग काय लिहिला आहे, ‘छोटे झाड़’, ‘झुडपी’, ‘पडीक’ की आणखी काही, हे आधी पाहावे. वृक्षगणना करताना मोठ्या झाडांबरोबर बुडखेही मोजावेत, त्यांची जात, बुडख्याचा घेर आणि धुमाऱ्यांची संख्या लिहावी, छायाचित्रे दिनांकासह ठेवावीत. मोजणी पावसाळ्यानंतर केलेली बरी, कारण उन्हाळ्यात पळस-तेंदूचे फुटवे चरलेले किंवा वाळलेले असतात आणि बुडखा मेलेला वाटतो. जिवंत की मेला याची शंका असेल तर साल नखाने खरवडून आतला हिरवा पदर पाहतात. वनमजूर हीच खूण वापरतात.